मॅक्रोचा एरर आला म्हणून पीसी फॉरमॅट करू नका, आधी पाथ वाचा

प्रति,
मा. संपादक,

विषय : लहान ऑफिसांतली एक्सेलची मॅक्रो आणि 'फाइल मिळत नाही'चा त्रास

महोदय,

मार्च एंड संपला, आता ऑडिटचे दिवस, आणि पतसंस्था, देवस्थानं, शाळा, दूध सोसायट्या, जिथे जावं तिथे एकच ऐकू येतं की एक्सेलचं बटण चालत नाही. मी फोंड्यात राहते, अकाउंट्सचं काम करते, फोंडा, डिचोली, साखळी ह्या भागातल्या लहान संस्थांच्या फाइली कायम माझ्या हाताखालून जातात, म्हणून हे पत्र लिहितेय. थोडं लांबेल, तरी छापावं ही विनंती, कारण ह्यात लोकांचे पैसे उगाच जातायत आणि काही ठिकाणी हिशेबसुद्धा चुकतायत. पेपरात नव्या मोबाइलच्या बातम्या रोज असतात, पण रोजच्या कामातल्या ह्या गोष्टीवर चार ओळी पण येत नाहीत.

बटण म्हणजे मॅक्रो, एक्सेलने ओळीने काय काय करायचं ते लिहून ठेवलेला कोड. कोणीतरी होतकरू मुलाने कधीतरी लिहून दिलेलं असतं, बटण दाबलं की चार फाइली उघडतात, आकडे गोळा होतात, रिपोर्ट तयार. वर्षानुवर्षं चालतं आणि एक दिवस बॉक्स येतो, रन-टाइम एरर १००४, खाली 'एंड' आणि 'डीबग' अशी बटणं. लोक घाबरून 'एंड' दाबतात आणि सरळ टेक्निशियनला फोन.

एका पतसंस्थेचं सांगते, नाव लिहीत नाही. शाखांकडून महिन्याच्या कलेक्शनच्या फाइली येतात, त्या एका फोल्डरात टाकायच्या, मास्टर फाइल उघडून बटण दाबायचं की झालं. ज्याने मॅक्रो लिहिलं तो मुलगा दुबईला गेला त्याला बरीच वर्षं झाली. यंदा जुना पीसी बदलला, सगळ्या फाइली पेनड्राइव्हने नव्यावर आणल्या, बटण दाबलं आणि एरर. क्लार्कचा मला फोन, "बाय, फायल मेळना म्हणटा." आता बघा, त्या माणसाने मेसेज बरोबरच वाचला होता, फाइल मिळत नाही एवढंच तो बॉक्स सांगत होता आणि कुठली फाइल ते पण त्यातच लिहिलेलं होतं. पण मी जाईपर्यंत टेक्निशियन मायक्रोसॉफ्ट ऑफिस काढून परत घालून, पैसे घेऊन गेला होता, एरर जसाच्या तसा, आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण पीसी फॉरमॅट करायचं ठरलेलं. मेसेजात पाथ होता सी ड्राइव्ह, युजर्स, मग त्या दुबईवाल्या मुलाचं नाव, मग डेस्कटॉप, मग फोल्डर. नव्या पीसीवर त्या नावाचा युजरच नाही! मग ऑफिस कितीही वेळा घाला, फाइल मिळणार कुठून?

पाथ म्हणजे घराचा पत्ता, तालुका, गाव, वाडा, घर नंबर अशा क्रमाने आत आत जाणारा, आणि त्यातला एक शब्द जरी बदलला तरी माणूस दारापर्यंत पोचत नाही. म्हणून एरर आला की पहिलं काम म्हणजे 'डीबग' दाबायचं. घाबरायचं काही कारण नाही, त्याने काही पुसलं जात नाही, फक्त कोडची जी ओळ अडलीय ती पिवळी होऊन समोर येते. त्या ओळीत फाइलच्या नावाच्या जागी जे व्हेरिएबल, म्हणजे माहिती तात्पुरती ठेवायचा नाव दिलेला डबा, असेल त्याच्यावर माऊस नेला की त्यात आत्ता काय भरलंय ते दिसतं. मोठा पाथ असेल तर कंट्रोल आणि जी दाबायचं, खाली इमिजिएट विंडो उघडते, तिथे प्रश्नचिन्ह टाकून पुढे व्हेरिएबलचं नाव लिहायचं आणि एंटर. अख्खा पाथ छापून येतो. तो कॉपी करून फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत पेस्ट करा. उघडला तर पाथ बरोबर, मग दुसरं कारण शोधायचं. नाही उघडला तर शेवटून एकेक फोल्डर काढत मागे या, जिथे उघडेल तिथून पुढचाच शब्द चुकलेला. दहा पैकी बऱ्याच वेळा प्रकरण इथेच मिटतं आणि ह्याला प्रोग्रॅमर लागत नाही, रोज एक्सेल वापरणारा कोणीही हे करू शकतो.

असं बघितलं की चुका कशा साध्या असतात ते कळतं. 'मार्च' फोल्डर आणि त्यातली 'फोंडा' फाइल, मध्ये उलटी तिरकी रेघ जोडायची राहिली की एक्सेल 'मार्चफोंडा' नावाची फाइल शोधत बसतं. धिसवर्कबुक डॉट पाथ, म्हणजे मॅक्रोची फाइल ज्या फोल्डरात आहे त्याचा पाथ, वापरला की हे हमखास होतं कारण तो शेवटी रेघ देत नाही, ती आपण घालायची. कधी शाखेने पाठवलेल्या फाइलच्या नावात शेवटी एक स्पेस असते जी डोळ्यांना दिसतच नाही. कधी विंडोजने एक्स्टेन्शन, म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी फाइलची जात, लपवलेलं असतं, कोणीतरी नाव बदलताना हाताने परत एक्सएलएसएक्स टाईप करतो आणि फाइलला दोन-दोन एक्स्टेन्शन लागतात, स्क्रीनवर बघाल तर नाव अगदी बरोबर. एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू'मध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन दाखवा हे प्रत्येक ऑफिसात आजच करून ठेवा.

तारखेचा घोळ तर नव्या पीसीवर नेहमीचाच. मॅक्रो रिपोर्ट सेव्ह करताना नावात आजची तारीख घालतं. जुन्या पीसीवर रीजन इंडिया असतं, तारीख ३१-०३-२०२५ अशी आडव्या रेघेने येते, सगळं सुरळीत. नवा पीसी दुकानातून येतो तो बहुतेक वेळा अमेरिकेच्या सेटिंगवर, तिथे तारीख तिरक्या रेघेने, आणि फाइलच्या नावात तिरकी रेघ चालतच नाही, लगेच १००४. मॅक्रोला एक अक्षर हात लागलेला नाही, फाइल तीच, माणूस तोच, तरी चालत नाही, मग व्हायरस आला असणार असं ठरवून लोक मोकळे होतात. खरं तर कोडमध्ये तारखेला फॉरमॅट फंक्शन लावून दिवस-महिना-वर्ष असं बांधून टाकलं की कुठल्याही पीसीवर चालतं.

आणि वनड्राइव्ह, म्हणजे फाइली इंटरनेटवर ठेवायची मायक्रोसॉफ्टची सोय. विंडोज ११ च्या पीसीवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की पुष्कळदा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर गुपचूप वनड्राइव्हच्या आत गेलेले असतात, समोर दिसतो तो डेस्कटॉप तोच वाटतो पण पाथ बदललेला. त्यात आणखी एक म्हणजे वनड्राइव्हमधली मास्टर फाइल उघडली असेल तर धिसवर्कबुक डॉट पाथ सी ड्राइव्हचा पत्ता न देता एचटीटीपीएसने सुरू होणारा वेबचा पत्ता देतो, आणि डिर नावाचं जे फंक्शन फाइल आहे का बघतं त्याला असला पत्ता झेपत नाही. माझं मत विचाराल तर हिशेबाची मॅक्रोवाली फाइल थेट सी ड्राइव्हवर स्वतःचा फोल्डर करून ठेवावी, बॅकअप वेगळा घ्यावा, आणि फोल्डरचा पाथ कोडमध्ये न कोंबता 'सेटिंग' नावाच्या शीटवर एका सेलमध्ये लिहावा, पीसी बदलला की फक्त तो सेल बदलायचा. मॅक्रो लिहिणाऱ्या सगळ्या मुलामुलींना माझी हात जोडून विनंती आहे की हे एवढं करा, तुम्ही उद्या पुण्याला जाल, बंगळूरला जाल, मागे राहिलेल्या क्लार्कला सेल बदलता येतो, कोड नाही बदलता येत.

एररचे नंबर पण उगाच नसतात. ५३ म्हणजे फाइल नाही, ७६ म्हणजे फोल्डरच नाही, ७० म्हणजे फाइल आहे पण हात लावायची परवानगी नाही. १००४ हा मात्र एक्सेलचा सगळ्याला मिळून एकच नंबर, त्यात खालचा मेसेज वाचल्याशिवाय काही कळत नाही.

७० च्या जातीचे एरर, म्हणजे फाइल कोणीतरी धरून ठेवलीय असे, आपल्याकडे पावसाळ्यात वाढतात. कारण लाईट. एक्सेल फाइल उघडली की त्याच फोल्डरात एक छोटी लपलेली फाइल तयार होते, नावाची सुरुवात ~$ अशी, त्यात कोणी उघडलीय त्याचं नाव असतं. फाइल नीट बंद केली की ती आपोआप जाते. पण जूनमध्ये वीज कडाडली, लाईट गेली, यूपीएसची बॅटरी संपलेली, पीसी धाडकन बंद, की ती छोटी फाइल तशीच मागे राहू शकते. मग लाईट आल्यावर मॅक्रो म्हणतं फाइल अमुक मॅडमनी उघडलीय, आणि मॅडम केव्हाच घरी गेलेल्या. सगळ्या पीसींवर एक्सेल बंद आहे ना ते बघायचं, टास्क मॅनेजर उघडून मागे दडून बसलेलं एक्सेल असेल तर ते बंद करायचं, मग लपलेल्या फाइली दाखवा हा पर्याय चालू करून ती ~$ वाली उडवायची. फक्त ती, खरी फाइल नव्हे, नाव दोनदा वाचून मगच डिलीट दाबा. काही शाळांत एक्सेलच्या जागी लिब्रऑफिस वापरतात, चांगलं आहे आणि फुकट आहे, तिथे अशाच फाइलच्या नावात सुरुवातीला 'लॉक' शब्द असतो, इलाज तोच. सर्व्हरवर फाइल असेल तर मात्र सर्व्हर बघणाऱ्याला सांगावं लागतं.

मॅक्रोला शाखेची फाइल फक्त वाचायची असेल तर कोडमध्ये ती रीड ओन्ली उघडायला सांगावी, मग दुसऱ्याने उघडून ठेवली असली तरी अडत नाही. हे बहुतेक मॅक्रोंत केलेलंच नसतं. आणि पीडीएफ काढणारं मॅक्रो अडलं तर आधी बघा की मागच्या वेळची त्याच नावाची पीडीएफ स्क्रीनवर उघडी आहे का, लाभांशाची स्टेटमेंट छापताना हे कायम होतं.

आता जे आपल्याला, म्हणजे मराठी-कोंकणीत काम करणाऱ्यांना, सगळ्यात जास्त भोवतं आणि ज्याबद्दल इंग्रजीतल्या पुस्तकांत सहसा काही मिळत नाही ते सांगते. देवस्थानांच्या फाइली आपण देवनागरीत नाव देऊन ठेवतो, 'जमाखर्च चैत्र', 'पालखी वर्गणी', 'महाजन यादी', आणि तसंच ठेवावं, त्यात काही चूक नाही. पण एक्सेलचा मॅक्रो लिहायचा एडिटर अजून जुन्या जमान्यातला आहे, त्याला देवनागरी कळत नाही. सेलमध्ये देवनागरी सुंदर दिसते, तीच कोडमध्ये पेस्ट केली की प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह. पोर्तुगीज वळणाची नावं, शेपूट असलेला सी किंवा वर लाट असलेला ए, ती चालतात कारण युरोपच्या भाषांसाठी विंडोजमध्ये जुन्या पद्धतीचं कोडपेज, म्हणजे अक्षरांना नंबर देणारा तक्ता, आहे, देवनागरीसाठी तसलं कोडपेज विंडोजने कधी ठेवलंच नाही, आपली लिपी थेट युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या एकत्र तक्त्यात, आली. म्हणून डिर फंक्शनने फोल्डरातल्या फाइली मोजल्या तर देवनागरी नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग मिळते आणि ती रांग नाव म्हणून उघडायला दिली की एरर, फाइल डोळ्यांसमोर असताना! एका देवस्थान समितीत ह्यावरून दोघांचं भांडण झालेलं मी बघितलंय, खजिनदार म्हणतो फाइल आहे, सेक्रेटरी म्हणतो कॉम्प्युटर नाही म्हणतो, आणि तिकडे मामलेदार ऑफिसात हिशेब द्यायची मुदत जवळ आलेली. दोघेही बरोबर होते.

ह्याला दोन इलाज. फाइलचं नाव कोडमध्ये न लिहिता शीटवरच्या सेलमध्ये देवनागरीत लिहावं आणि मॅक्रोने ते सेलमधून उचलून फाइल उघडावी, वर्कबुक्स डॉट ओपन ह्या फाइल उघडायच्या हुकमाला देवनागरी नाव सेलमधून दिलं तर बरोबर चालतं. आणि फोल्डरातल्या फाइलींची यादी करायची असेल तर डिर सोडून फाइल सिस्टम ऑब्जेक्ट हा फाइली-फोल्डर बघायचा दुसरा मार्ग वापरावा, त्याला युनिकोड कळतं. मेसेज बॉक्सचं पण तसंच आहे, 'डिचोलीची फाइल सापडली नाही' असं मराठीत लिहायला गेलात तर बॉक्समध्ये नुसती प्रश्नचिन्हं येतात, तेव्हा असा मेसेज शीटवर एखाद्या लाल सेलमध्ये लिहून दाखवावा, तिथे देवनागरी नीट दिसते आणि क्लार्कला आपल्या भाषेत कळतं काय अडलंय.

मेसेज दाखवण्यावर मी एवढा भर देते त्याला कारण आहे. पुष्कळ मॅक्रोंच्या सुरुवातीलाच एक ओळ असते, ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट. म्हणजे एरर आला तरी गप्प बस आणि पुढची ओळ चालव. बॉक्स येत नाही म्हणून सगळे खूश. पण समजा साखळीची फाइल उघडलीच नाही, तर आकडा ठेवायच्या व्हेरिएबलमध्ये आधीच्या शाखेचा, डिचोलीचा, आकडा तसाच पडून असतो आणि तोच दुसऱ्यांदा बेरजेत जातो. बेरीज येते, रिपोर्ट छापला जातो, सही होते. साखळीच्या ठेवीदारांचे पैसे त्या कागदावर नाहीत आणि डिचोलीचे दुप्पट. हे मी कल्पनेने लिहीत नाही, असा रिपोर्ट माझ्या टेबलावर आलाय आणि तो शाखांच्या पासबुकांशी एकेक आकडा लावून बघितला तेव्हा कुठे कळलं. त्यामुळे ज्या मॅक्रोत ही ओळ वर टाकून ठेवलीय ते मॅक्रो मला न चालणाऱ्या मॅक्रोपेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. ती ओळ काढा, एरर येऊ दे, निदान कुठली फाइल राहिली ते कळेल.

टेक्निशियन लोकांचा एक शॉर्टकट आहे त्यावर पण लिहिलंच पाहिजे. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून किंवा मेलने आलेल्या फाइलींतली मॅक्रो आपोआप बंद ठेवायला सुरुवात केली, वर लाल पट्टी येते, सिक्युरिटी रिस्क. लोकांना वाटतं एक्सेल बिघडलं. टेक्निशियन येतो आणि ट्रस्ट सेंटरमध्ये, म्हणजे एक्सेलच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये, जाऊन 'एनेबल ऑल मॅक्रोज' करून जातो, म्हणजे हीच एक फाइल नव्हे, उद्या येणाऱ्या इतर फाइलीही विचारल्याशिवाय चालायला मोकळ्या होऊ शकतात. त्या पीसीवर सभासदांचे आधार, पॅन, बँक अकाउंट सगळं असतं. १९९९ मध्ये मेलिसा नावाचा व्हायरस जगभर पसरला तो वर्डच्या मॅक्रोतूनच. बरोबर रीत अशी की फाइल आपल्या माणसाने पाठवलीय हे फोन करून खात्री करायची, मग त्या एका फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली 'अनब्लॉक'वर टिक. ज्यांनी आपल्या ऑफिसात एनेबल ऑल करून ठेवलंय त्यांनी ते आजच परत बंद करावं.

मागणी म्हणाल तर दोन आहेत. कॉम्प्युटर क्लासेसमध्ये एक्सेल शिकवताना चार्ट रंगवण्यात जेवढा वेळ जातो त्यातला थोडा एरर वाचायला शिकवण्यात द्या. मुलांना मुद्दाम चुकीच्या पाथची फाइल द्या आणि सांगा शोधा, नोकरीत पहिल्या महिन्यात हेच कामाला येणार आहे.

दुसरी मागणी समित्यांकडे. मॅक्रोच्या कोडला पासवर्ड लावलेला असला की 'डीबग' बटण दाबताच येत नाही, ते फिकं पडलेलं असतं, आणि मग मी वर लिहिलेलं काहीच करता येत नाही. नवी समिती चार्ज घेताना चाव्या, चेकबुकं, शिक्के, पावतीपुस्तकं सगळं मोजून घेते, त्याच यादीत मॅक्रोचा पासवर्ड, कोडची एक प्रत आणि फाइली कुठल्या फोल्डरात ठेवल्यात त्याचा कागद हे सुद्धा लिहून घ्या. लिहून देणारा परदेशी गेल्यावर त्याच्या मागे फोन करत फिरावं लागतं आणि तिकडे त्याला तरी जुना पासवर्ड कशाला आठवणार.

संपादकसाहेब, आपल्या दैनिकात आठवड्यातून एकदा ह्या विषयाला अर्धा कॉलम जागा मिळाली तर एकेका एररवर सोप्या मराठीत लिहून द्यायला मी तयार आहे, आणि पहिला कॉलम देवनागरी नावांच्या फाइलींवर असावा अशी माझी इच्छा आहे.

आपली,
अकाउंट्सचं काम करणारी एक वाचक,
फोंडा, गोवा